मौनपूरचा कारकून

आयुष्यभर मी दुसऱ्यांचं लिखाण वाचण्याचा पगार घेतला. एवढं सांगितलं की लोकांना वाटतं, हा मास्तर असणार किंवा छापखान्यात मुद्रितं तपासणारा. तसं नव्हतं. निजामाच्या राज्यात धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या कचेरीत मी मराठीचा मुन्शी होतो. मराठीत जे काही चारचौघांपुढं गायलं, वाचलं किंवा खेळून दाखवलं जाणार असेल, ते आधी माझ्या टेबलावर यायचं. मेळ्याची पदं, तमाशाचा वग, शाळेतलं नाटक, तालमीच्या समारंभाचं हँडबिल. साहेबलोक उर्दूवाले, मराठी त्यांना भाजीबाजारापुरती यायची. मी वाचायचं आणि उर्दूत गोषवारा करून द्यायचा. त्या गोषवाऱ्याचे रकाने दोनच. पहिला 'किरदार', म्हणजे पात्रं कोण कोण. दुसरा 'मतलब', म्हणजे या सगळ्यातून म्हणायचंय काय. हल्ली कॉलेजातली पोरं कादंबरीतली पात्रं आणि आशय लिहितात आणि त्यांना मार्क मिळतात. आमच्या वेळी परवाना मिळायचा, नाहीतर जामीन शोधावा लागायचा.

पहिला रकाना सोपा. दुसऱ्यानं माझे केस पिकवले. एका मेळ्याच्या पदात 'उंदीर माजले, मांजर बोलवा' अशी ओळ होती. साहेबांनी विचारलं, उंदीर कौन? मी पद लिहिणाऱ्या शेतकऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, उंदीर म्हंजी उंदीरच. माझ्या कणगीत या बघायला." मी म्हटलं, मग मांजर कोण? त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "ते अजून मिळालं न्हाय." मी मतलबच्या रकान्यात 'धान्याची नासाडी टाळावी' असं लिहिलं. परवाना मिळाला आणि गणपतीत ते पद गावोगाव इतकं गाजलं की उंदीर कोण हे मला सोडून सगळ्यांना कळलं.

दुसरी गंमत राजांची. गोष्टीतला राजा जुलमी असेल तर साहेब अडवायचे. म्हणून मी अर्जदारांना हळूच सुचवायचो की राजा जरा लांबचा घ्या. बघता बघता आमच्या जिल्ह्यातली सगळी नाटकं कामरूप देशात घडायला लागली. कामरूपचा राजा शेतकऱ्यांकडून ज्वारीची सक्तीची लेव्ही घ्यायचा, कामरूपचे शिपाई कोंबड्या उचलायचे, आणि कामरूपच्या राणीला तुळजापूरची बोली अस्खलित यायची. एका औषधविक्याच्या हँडबिलावर तर 'जुलमी खोकल्याचा समूळ नाश' असं होतं. साहेबांना बाकी अक्षर कळलं नाही तरी 'जुलमी' तेवढा शब्द बरोब्बर कळला. शेवटी खोकला 'हट्टी' करून घ्यावा लागला. औषध त्याचं तेच राहिलं.

आता जळकोटची हकिकत सांगतो. तिच्यासाठीच हा सगळा कागद खराब करतोय.

एका श्रावणात जळकोटच्या नाक्यावरच्या जवानाची तक्रार आली. सोलापूरकडनं हैदराबादला जाणाऱ्या सडकेवर हे गाव. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, तिथली वर्तमानपत्रं ज्वारीच्या पोत्याच्या तळाशी बसून इकडं यायची, म्हणून नाक्यावर जवान असायचा. तक्रारीत त्यानं लिहिलं होतं की सारा गाव गुंगा, म्हणजे मुका झालाय. काहीही विचारा, लोक तीनच शब्द बोलतात. 'व्हय', 'बरं' आणि 'हुजूर'. पोत्यात काय आहे विचारलं तर बरं. कुठनं आलास विचारलं तर हुजूर. चौकशीत त्याला एवढंच कळलं होतं की महादेवाच्या देवळात मल्लिनाथ मास्तर दर श्रावणी सोमवारी एक पोथी वाचतात आणि हा रोग त्या पोथीतून पसरलाय.

आमच्या सय्यदसाहेबांनी मला बोलावलं. हैदराबादचे सभ्य गृहस्थ, जेवणानंतर गोष्ट ऐकल्याशिवाय झोप न येणारे. त्यांनी पेच समजावून सांगितला. धर्माची पोथी असेल तर तिला परवाना लागत नाही, आपण बोट लावायचं नाही. पण पोथीच्या नावाखाली दुसरंच काही असेल तर मास्तर सरकारी शाळेतला, त्याची नोकरी तर जाईलच, वर तुरुंग. वरच्या कचेरीला काहीतरी एक कळवायचं आहे. "आप जाइए, सुनिए, और आकर मुझे किरदार और मतलब बताइए."

मी गेलो. जायला मला एक अडचण होती ती साहेबांना सांगितली नव्हती. जळकोट माझी सासुरवाडी.

दिवेलागणीला देवळात गेलो तेव्हा एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका, मधे चौरंग, त्यावर सुटी पानं, समई, नारळ, सगळं रीतसर. सासूबाई, गंगव्वा, बायकांत पुढंच बसल्या होत्या. मल्लिनाथ मास्तर लुकडे, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. मला बघून त्यांनी नमस्कार केला, देवाला वंदन करून माझ्यासाठी पहिल्यापासून उजळणी करत अध्याय सुरू केला, आणि पहिल्या दहा ओळींत मला कळून चुकलं की ही पोथी नव्हे. ही पोथीचं धोतर नेसलेली कादंबरी होती.

गोष्ट अशी. मौनपूर नावाचं राज्य. राजाची मिरवणूक निघालेली असताना त्याची पगडी घसरून चिखलात पडते आणि गर्दीत कोणीतरी हसतं. कोण हसलं ते काही केल्या सापडत नाही. राजा चिडतो आणि फर्मान काढतो की आजपासून प्रजेनं तीनच शब्द वापरायचे, बाकीचे सरकारी कोठारात जमा करायचे. लेव्हीची ज्वारी घालावी तसे लोक रांगेत उभे राहून आपले शब्द घालतात. एक म्हातारी 'बाळ' हा शब्द पदरात लपवून परत आणायला बघते आणि दारात पकडली जाते. हे ऐकताना माझ्या शेजारच्या माणसानं डोळे पुसले. मास्तर चांगलं लिहीत होते, हे मला धंद्याच्या दृष्टीनं फार वाईट वाटलं.

मग आला कोठाराचा कारकून. सगळे शब्द बोलायची मुभा राज्यात त्याला एकट्याला, कारण कोण काय बोललं हे राजाला सांगायचं तर ते त्याला उच्चारावंच लागणार. मास्तर वाचत होते, "हा कारकून बारमाही गळ्यात मफलर घालीत असे, आणि सही करण्यापूर्वी त्यास हटकून शिंक येत असे."

सगळं देऊळ माझ्याकडं वळलं. मफलर माझ्या गळ्यात होता. तो मी काढावा की ठेवावा या विचारात असताना मला शिंक आली. बायकांच्या बाजूनं जो हशा उठला त्यात सासूबाईंचा आवाज मी ओळखला.

आरती झाली, खोबरं वाटलं. मी मास्तरांना देवळामागच्या पिंपळाखाली गाठलं.

"मास्तर, तो कारकून कोण?"

"काल्पनिक हाय अप्पा."

"मफलरसुद्धा?"

"मफलर तेवढा तुमचा घेतला. लगीनकार्यात बघितला व्हता न्हवं. बाकी माझं हाय."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, नोकरी जाईल, आत जाल, घरात खाणारी तोंडं आहेत. ते खाली बघून म्हणाले, "ठावं हाय. पण अप्पा, वर्गात पोरं तोंड उघडनात झालती. साधं इचारलं, तुझा बाप काय करतो, तर आधी दाराकडं बघायची. घरी शिकवून धाडलेलं, काय बोलू नकोस म्हणून. मंग म्हटलं, ह्यांच्या भ्यावाचीच गोष्ट करावी. आता बघा, तीन शब्दांचा खेळ करतेत आन् हसतेत." मग चष्मा पुसत म्हणाले, "हसाय लागल्यावर माणूस बोलतंय बी हळूहळू."

माझ्या रकान्यांत याला जागा नव्हती.

मंगळवारी साहेबांना गोषवारा सांगितला. पगडी पडल्याचं मी गाळणार होतो, पण साहेबांनी विचारलं की राजा इतका चिडला तरी कशानं, आणि मला सांगावंच लागलं. ते पोट धरून हसले. मग म्हातारीचा 'बाळ' आला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "फिर क्या हुआ?" मी म्हटलं, पुढचं पुढच्या सोमवारी. ते म्हणाले, "तो फैसला भी उसके बाद."

असं सोमवारामागून सोमवार चाललं. मौनपुरात भागू नावाची एक बाई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायला लागली, कारण फर्मान माणसांना होतं, जात्याला नव्हतं. शिपाई आले की ती गप्प, नुसतं जातं घरघरतंय, म्हणजे गात होतं ते जातंच. साहेब मंगळवारी माझी वाट बघायचे. बाकीच्या फायली बाजूला सारून म्हणायचे, "उस भागू को पकड़े तो नहीं?" वरच्या कचेरीनं दोनदा विचारणा केली. गावकऱ्यांनीही एक गोष्ट माझ्या कानावर घातली होती, ती मी साहेबांना पोचवली. एकदा लावलेली पोथी समाप्तीशिवाय उठवत नाहीत. अर्धी राहिली तर दोष वाचणाऱ्याला लागत नाही, थांबवणाऱ्याला लागतो. साहेब विचारात पडले. "ये पाप मैं अपने सर कायको लूँ?" म्हणाले, आणि वर कळवून टाकलं की तपास चालू आहे.

शेवटचा सोमवार जवळ आला तसा माझा धीर सुटला. समाप्तीनंतर साहेबांना निर्णय करावा लागणार, तो माझ्या गोषवाऱ्यावर होणार. धर्माची पोथी लिहावं तर वरून कोणी मराठी जाणणारा आला की मी मास्तरांच्या शेजारच्या कोठडीत. कादंबरी लिहावं तर मास्तर एकटे. सकाळीच जळकोटला पोचून मी त्यांना विचारलं, शेवट काय केलाय?

"न्हाय लिवला."

"आज वाचणार काय मग?"

"राजा कारकुनाला इचारतो, बाई गात काय होती, मतलब सांग. तिथवर लिवलंय." मास्तर माझ्याकडं सरळ बघत म्हणाले, "पुढं कारकून काय बोलंल ते मला कुठं ठावं? तुमी काय लिवलालाव त्यावर हाय. बरं करा, बरं लिवतो."

लेखकानं मुन्शीला धमकावल्याचं माझ्या नोकरीतलं हे एकमेव उदाहरण. घरी आलो तर सासूबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "जावईबापू, त्या कारकुनाला शेवटी गाढवावर बशिवणार हाईत म्हनं. खरं का?" मेहुणे तोंड फिरवून हसत होते. तुरुंग परवडला, पण सासुरवाडीला गाढवावर बसणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

आणि संध्याकाळी देवळापुढं मोटार थांबली. सय्यदसाहेब स्वतः आले होते. मंगळवारपर्यंत त्यांना राहवलं नव्हतं. त्यांनी पायरीशी जोडे काढले, सभामंडपाच्या कडेला कोणीतरी खुर्ची ठेवली तिच्यावर बसले. साहेब पाटलाला म्हणाले, "पानी मिलेगा?"

"व्हय."

"ठंडा है ना?"

"बरं."

"आपका नाम?"

"हुजूर," पाटील म्हणाले.

साहेबांच्या मिशा हलल्या. माझ्याकडं वळून म्हणाले, "मुन्शीजी, हम मौनपूर पहुँच गए." मग त्यांनी हुकूम केला की मास्तरांनी वाचायचं आणि मी तिथल्या तिथं उर्दूत सांगायचं.

लेखी गोषवाऱ्यात माणसाला चार कोपरे मिळतात, लपता येतं. तोंडी सांगताना तसं नसतं. त्यात आमच्या भागात जो तो दोन्ही भाषा कोळून प्यायलेला. मास्तरांनी मागची उजळणी म्हणून पगडीचा प्रसंग पुन्हा वाचला. मी सांगितलं की बादशहा मिरवणुकीतून परतले. पुरुषांत चाँदभाई पिंजारी बसले होते. दर सोमवारी यायचे, कापूस पिंजल्यासारखी गोष्ट मोकळी करून ऐकायचे. ते म्हणाले, "पगड़ी गिरी बोलो ना मुन्शीजी. वही तो छोड़ दिए." साहेब म्हणाले, "मुझे मालूम है, आगे चलो." त्यानंतर मी एक शब्द खाल्ला नाही. खायची सोयच नव्हती.

भागूला दरबारात आणलं. ती काही बोलेना. राजानं कारकुनाला पुढं बोलावलं. मास्तरांनी वाचलं, "राजा म्हणाला, तू तिचं गाणं ऐकलं आहेस. तिच्या गाण्यात कोण आहे? त्याचा मतलब काय? तेव्हा कारकून म्हणाला," आणि थांबले. पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, ते मला बसल्या जागेवरून दिसलं. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. सकाळची ऐट कुठल्या कुठं गेली होती. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात धमकी नव्हती. भीती होती, त्यांच्या वर्गातल्या पोरांची असते तशी.

"फिर?" साहेब पुढं झुकले. "क्या बोला कारकून?"

सांगतो, मला फार मोठं काही सुचलं नाही. मुन्शीला सुचतं ते सुचलं. आमच्या कचेरीचा कायदाच होता की मूळ मजकूर समोर नसेल तर मतलब लिहायचा नाही. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "कारकून बोला, हुजूर, गाना सुने बगैर मतलब कैसे बताऊँ? गाना गाना तो मना है. इजाजत हो तो गाकर सुनाऊँ?"

साहेब गोष्टीत पार बुडाले होते. हात हलवून म्हणाले, "इजाजत है, इजाजत है. सुनाओ."

शब्द तोंडातून गेला. अख्ख्या गावासमक्ष, पाटलासमक्ष, नाक्यावरचा जवान दारात उभा होता त्याच्यासमक्ष. पोथी लावल्यापासून या गावाला जी परवानगी नव्हती ती साहेबांनी दोनदा दिली. त्यांच्याही ते लक्षात आलं. ते माझ्याकडं बघत राहिले, पण दिलेला शब्द मागं घेण्यातले ते नव्हते. "सुनाओ," ते पुन्हा म्हणाले, या खेपेला सावकाश.

आता गाणं आलं. मी उभ्या जन्मात गायलो नव्हतो. आई जात्यावर म्हणायची त्या चालीवर, मफलर सोडून, मागच्या अध्यायातली भागूची ओवी म्हटली:

बैलाच्या गं तोंडी मुसकं, खळ्यावर बांधी धनी
जात्याच्या गं तोंडी मुसकं, सांग बाई बांधावं कुनी

पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला बायकांनी तो उचलला. आधी एकदोघींनी, मग सगळ्यांनी. इतके सोमवार ज्या देवळात 'व्हय' आणि 'बरं' चालत होतं तिथं ओवी घुमली. त्या सुरात माझा सूर कुठं बुडाला ते कोणाला कळलं नाही, आणि माझे डोळे भरून आले ते मी मफलरनं टिपले.

गाणं थांबल्यावर साहेब म्हणाले, "और मतलब?"

मी तोंड उघडायच्या आत गंगव्वा बोलल्या. पदर सावरून, बसल्या जागेवरून. "मतलब काय इचारताव साहेब. पीठ पायजे आसंल तर जातं बोलणारच."

चाँदभाईंनी ते भाषांतर करायला तोंड उघडलं तर साहेबांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं. ते मला म्हणाले, "लिखो. मजहबी किताब. समाप्ती हो गई. किरदार सब खयाली." एवढं बोलून माझ्या गळ्याकडं बघितलं. "सिवाय एक के."

प्रसादाचं खोबरं खिशात घालून ते मोटारीत बसले. मास्तरांनी त्याच चौरंगावर कोऱ्या पानावर शेवट लिहिला, माझं आणि सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं. गाढव रद्द झालं. सासूबाईंनी जेवताना एवढंच म्हटलं, "जावईबापू, आवाज मातूर बरा न्हाय तुमचा."

पुढं निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत सय्यदसाहेब कुठं गेले मला कळलं नाही. शेवटच्या पानावर त्यांचं 'इजाजत है' मास्तरांनी राजाच्या तोंडी घातलं होतं, ते त्यांना वाचून दाखवायचं राहून गेलं. ही रुखरुख मला अजून आहे. गोष्टीत राजा एवढा बरा वागला तो त्यांच्यामुळं.

नवं राज्य आलं, कचेरी तीच राहिली, टेबलही तेच. आता परवाने मराठीत आणि रकान्यांची नावंही मराठीत, 'पात्रे' आणि 'आशय'. मला वाटलं होतं, आता कोण कशाला विचारतंय. पण पहिल्याच वर्षी एक नाटक मंजुरीला आलं. जळकोटच्या तरुण मंडळाचं, लेखक मल्लिनाथ मास्तर, नाव मौनपूर. नवे साहेब तरुण, पुण्याकडं शिकलेले, मराठी उत्तम. त्यांनी सगळं वाचलं, कपाळाला आठी घातली आणि मला बोलावलं.

"हा राजा कोण?" त्यांनी विचारलं.

"तो गेला साहेब," मी म्हणालो.

त्यांना बरं वाटलं. परवाना पुढं ओढून सहीसाठी टाक उचलला, आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "आणि हा कारकून?"

मला शिंक आली. मी मफलर सारखा केला आणि म्हणालो, "तो अजून नोकरीत आहे."